भूजलातील लेशधातूंची परीक्षा आणि तिचा अर्थ

विहिरीचे पाणी चांगले की वाईट, हे ठरविण्याच्या काही कसोट्या आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. डाळ शिजते की नाही, साबणाला फेस येतो की नाही, भांड्याला पांढरा थर धरतो का, जिभेला पाणी खारट किंवा मचूळ लागते का, एवढे पाहून गृहिणी पाण्याची परीक्षा करते. आणि ही परीक्षा हसण्यावारी नेण्याजोगी मुळीच नाही. पाण्याचा जडपणा व खारेपणा तीत चांगला कळतो. परंतु या सर्व कसोट्या ज्यांच्यापुढे निरुपयोगी ठरतात असे काही पदार्थ भूजलात असू शकतात. आर्सेनिक, शिसे, मँगॅनीज, युरेनियम, कॅडमियम यांना रसायनशास्त्रात लेशधातू म्हणतात, कारण पाण्यातील त्यांचे प्रमाण बहुधा लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत, मोजावे लागते. (आर्सेनिक हा काटेकोरपणे पाहता धातू नव्हे, धातुसदृश आहे, तथापि जलपरीक्षेत त्याची गणना धातूंबरोबरच होते व येथेही तशीच केली आहे.) लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक म्हणजे वजनाने दोन कोटी भागांत एक भाग. या प्रमाणात त्याला ना रंग, ना वास, ना चव. असे पाणी स्वच्छ व थंडगार असते, आणि ते वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या देहावर मात्र आपले लेखन करीत राहते.

अशा पाण्याविषयी जे काही आपणांस कळते ते केवळ प्रयोगशाळेच्या द्वारे कळते. यास्तव प्रयोगशाळेचा आकडा नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, याचा विचार रसायनाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी सावकाश केला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा मुद्दा असा की, हा आकडा पाण्याचा अंगभूत गुण नव्हे. आपण त्या पाण्याला विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर असते. प्रश्न विचारला नाही तर उत्तर मिळत नाही, आणि उत्तर मिळाले नाही याचा अर्थ पाणी निर्दोष आहे असा लावला गेला, तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. याचे सर्वांत मोठे उदाहरण बंगालच्या त्रिभुज प्रदेशाचे आहे.

पूर्व व पश्चिम बंगालमध्ये तळ्या-पोखरींचे पाणी पिण्याची जुनी पद्धत होती आणि त्या पाण्यातून पटकी, हगवण यांसारखे रोग पसरत. त्यांतून लोकांना, विशेषतः लहान मुलांना, वाचवावे म्हणून १९७० नंतरच्या काळात युनिसेफसारख्या संस्थांच्या साहाय्याने नळविहिरी खणण्याची मोठी मोहीम झाली. लोखंडी वा प्लॅस्टिकची नळी मऊ गाळात तीस-चाळीस मीटर उतरवावी व वर हातपंप बसवावा, इतके ते काम स्वस्त व सोपे होते. जंतूंच्या दृष्टीने हे पाणी तळ्याहून चांगले होते यात शंका नाही. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यापुढे काही रुग्ण आले. त्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उमटले होते व तळहात-तळपाय खरखरीत, गाठाळ झाले होते. हे आर्सेनिकाचे जुनाट विष आहे व ते नळविहिरींतून येत आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून हजारो नमुने तपासून या आपत्तीचा विस्तार दाखवून दिला. सीमेपलीकडे, बांगलादेशातील चांपाई नवाबगंज येथे आर्सेनिक प्रथम आढळले ते १९९३ मध्ये.

त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९९२ मध्ये, ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मध्य व ईशान्य बांगलादेशातील नळविहिरींच्या पाण्याचे रासायनिक परीक्षण केले होते. अनेक मूलद्रव्ये त्यात मोजली गेली. आर्सेनिक मात्र त्या यादीत नव्हते. पुढे एका बांगलादेशी ग्रामस्थाने या संस्थेच्या मातृसंस्थेवर इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तो फेटाळला. अहवाल लिहिणाऱ्यांवर त्या गावकऱ्यांबाबत कायदेशीर जबाबदारी येत नाही असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असेलही. रसायनाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे दुसरीच गोष्ट टिपून ठेवावी. अनेक मूलद्रव्यांचे आकडे ओळीने मांडलेला तक्ता वाचकाच्या मनात परिपूर्णतेचा भास उत्पन्न करतो, आणि त्या तक्त्यात जो स्तंभ नाही तो वाचकाच्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. याच संस्थेने बांगलादेश सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याबरोबर १९९८-९९ मध्ये ३,५३४ विहिरींचे जे सर्वेक्षण केले व २००१ मध्ये प्रसिद्ध केले, ते आजही या विषयातील आधारभूत साधन मानले जाते. दीडशे मीटरांहून उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत आर्सेनिक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आणि ४६ टक्के विहिरींत १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले. ५० च्या वरचे पाणी पिणाऱ्यांची संख्या या अंदाजाप्रमाणे साडेतीन कोटींच्या घरात जात होती.

हे आर्सेनिक कोणत्या कारखान्याने ओतलेले नव्हते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो व आर्सेनिक त्या लेपाला चिकटून राहिलेले असते. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जंतू प्रथम प्राणवायू संपवितात, नंतर लोहाच्या ऑक्साइडचे क्षपण करतात; लोह विरघळते आणि त्याला चिकटलेले आर्सेनिकही पाण्यात मोकळे होते. १९९८ मध्ये ही उपपत्ती स्पष्टपणे मांडली गेली व आज ती बहुतेकांस मान्य आहे. म्हणूनच नव्या करड्या गाळातील पाणी दूषित व त्याखालच्या जुन्या तपकिरी गाळातील पाणी बहुधा चांगले, असा भेद तेथे दिसतो. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाला ही उपपत्ती जशीच्या तशी लावणे चुकीचे होईल. पण म्हणून कठीण खडकाचा प्रदेश आपोआप निर्धोक ठरतो असेही नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या शेजारी, त्या वेळच्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा व आसपासच्या गावांत १९९९ च्या सुमारास आर्सेनिकाचे रुग्ण उजेडात आले. तेथील खडक गाळाचा नव्हे, प्राचीन ज्वालामुखीजन्य व ग्रॅनाइटी आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. विद्यार्थ्यांचा सर्व ओढा यंत्राकडे असतो. पण लेशधातूंच्या परीक्षेत निम्म्याहून अधिक यशापयश यंत्राच्या खोलीत पोहोचण्यापूर्वी, विहिरीच्या काठावरच ठरून गेलेले असते.

बंगालमधील नळविहिरीचे पाणी उपसताच अगदी निर्मळ दिसते. तेच भांड्यात रात्रभर ठेवले तर तांबूस होऊन तळाशी साका बसतो. पाण्यातील विरघळलेल्या लोहाला हवेतील प्राणवायू लागला की त्याचा अविद्राव्य हायड्रॉक्साइड बनतो, हे त्याचे कारण. हा साका बसताना पाण्यातील आर्सेनिकही आपल्याबरोबर खाली ओढून नेतो. गावाहून बाटली भरून आणावी, दोन दिवसांनी वरचे निवळ पाणी यंत्रात घालावे, आणि आर्सेनिक थोडेच आहे असे लिहून द्यावे, असे सहज घडू शकते. आर्सेनिक कोठेही गेलेले नसते. ते बाटलीच्या तळाशी व काठांना लागलेले असते. हे टाळण्यासाठी नमुना घेताक्षणीच त्यात अतिशुद्ध नायट्रिक आम्ल घालून त्याचा पीएच दोनच्या खाली आणतात. मग लोह विरघळलेलेच राहते. (हाच साका गावकऱ्यांच्या कामीही येतो. लोहयुक्त पाण्यातून आर्सेनिक काढण्याच्या अनेक साध्या गाळण्या याच तत्त्वावर चालतात.)

आम्ल घालण्यापूर्वी पाणी गाळावे की न गाळावे, हा दुसरा प्रश्न. शून्य दशांश पंचेचाळीस मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून गाळलेल्या पाण्यात, व्यवहारात ज्याला विरघळलेला म्हणतात, तो अंश मिळतो. भूरसायनशास्त्रज्ञाला तोच हवा असतो. पण गावातील बाई पाणी त्या पडद्यातून गाळून पीत नाही. आरोग्याचा विचार करावयाचा असेल तर न गाळलेल्या पाण्यातील एकूण धातू मोजला पाहिजे. प्रबंधिकेत गाळलेल्या नमुन्याचे आकडे द्यावयाचे आणि शेवटच्या प्रकरणात त्यांवरून आरोग्याचे निष्कर्ष काढावयाचे, हे आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की परीक्षकही त्यावर बोट ठेवीत नाहीत. ठेवावयास हवे.

याहूनही बोधप्रद गोष्ट शिशाची आहे. नमुना घेण्यापूर्वी विहीर काही काळ उपसावी, विद्युत्‌वाहकता, तपमान व पीएच स्थिर झाल्यावर बाटली भरावी, असा सर्वसाधारण नियम आहे. आणि खडकातील वा गाळातील पाण्याचे स्वरूप जाणण्यासाठी तो अगदी योग्य आहे. परंतु शिसे बहुधा गाळातून येतच नाही. ते पंपाच्या पितळी भागांतून, डाकातून, जोडांतून येते, आणि रात्रभर नळीत साचून राहिलेल्या पाण्यात सर्वांत अधिक असते. पहाटे पहिली घागर भरणाऱ्या घराला ते मिळते. विहीर दहा मिनिटे उपसून नमुना घेणारा संशोधक ते शिसे स्वतःच्या हाताने जमिनीवर ओतून टाकतो व मग शिसे आढळले नाही असे नोंदवितो! ज्या नियमाने आर्सेनिकाचे उत्तर खरे येते त्याच नियमाने शिशाचे उत्तर खोटे येते. नियम पाठ करून भागत नाही. तो कोणत्या प्रश्नासाठी केला आहे हे ठाऊक असावे लागते.

शिशाच्या बाबतीत उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले की, तोवर मोजल्या गेलेल्या शिशापैकी बरेचसे नमुन्यातील नसून प्रयोगशाळेतील धूळ, काचसामान व रसायने यांतून आलेले होते. म्हणून बाटल्या सौम्य आम्लात भिजवून ठेवणे, हातमोजे घालणे, आणि मुख्य म्हणजे शुद्ध पाणी बाटलीत भरून, तीच वाट चालवून आणलेला कोरा नमुना इतरांबरोबर तपासणे अगत्याचे असते. कोऱ्या नमुन्याचे आकडे न देणारा तक्ता अपुरा समजावा, असे माझे मत आहे.

यंत्रांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची माहिती पाठ्यपुस्तकांतून भरपूर मिळते. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी जी पद्धत काढली तिचे तत्त्व आजच्या खेड्यातील साध्या पेटीतही टिकून आहे: जस्त व आम्ल यांच्या क्रियेने हायड्रोजन निर्माण होतो, आर्सेनिकाचा आर्साइन वायू बनतो, व मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेला कागद त्याने पिवळा-तपकिरी होतो. अॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये अणुशोषणाची पद्धत मांडली आणि धातूंचे मोजमाप सर्वत्र सुलभ झाले. आज बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत प्लाझ्मायुक्त द्रव्यमान वर्णपटमापक वापरतात; एकाच फवाऱ्यात तीस-चाळीस मूलद्रव्ये त्यात मोजता येतात. परंतु हे यंत्रही प्रश्नाप्रमाणेच उत्तर देते. ते द्रव्यमान मोजते, मूलद्रव्य ओळखीत नाही. आर्सेनिकाचा स्थिर समस्थानिक एकच, ७५ द्रव्यमानांकाचा. आणि प्लाझ्मातील ४० द्रव्यमानांकाचा आर्गॉन व खाऱ्या पाण्यातील ३५ द्रव्यमानांकाचा क्लोरीन एकत्र आले की त्यांची बेरीजही ७५ च होते. समुद्रकाठच्या मचूळ विहिरीत नसलेले आर्सेनिक अशा रीतीने दिसू लागते. हेलियमने भरलेल्या कक्षातून आयन नेऊन हा दोष दूर करता येतो. पण तो दूर केला होता की नाही, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे.

साध्या पेटीला नावे ठेवण्याची एक फॅशन मध्यंतरी आली होती, व तिला काही आधारही होता. तथापि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बांगलादेशातील ७९९ विहिरींचे पेटीचे निष्कर्ष प्रयोगशाळेशी ताडून पाहिले, तेव्हा ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या संदर्भात ८८ टक्के विहिरींचा निर्णय बरोबर ठरला. चुका मुख्यतः ५० ते १०० च्या दरम्यानच्या विहिरींत होत्या, आणि रासायनिक क्रियेस वीसऐवजी चाळीस मिनिटे दिल्यास त्याही बऱ्याच टळतात असे दिसले. बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख विहिरी पेटीने तपासून त्यांचे पंप रंगविण्यात आले. सुमारे १४ लाख लाल झाले, उरलेले हिरवे. दारातील पंपाचा निर्णय त्याच दिवशी कळणे, हे सहा महिन्यांनी शहरातून येणाऱ्या अचूक आकड्याहून गावकऱ्याला अधिक उपयोगी असते. किंबहुना तेथे दुसरा मार्गच नव्हता. कारण तीस मीटर अंतरावरील दोन विहिरींत आर्सेनिकाचे प्रमाण दसपटीने भिन्न असू शकते. जिल्ह्याची वा तालुक्याची सरासरी काढून कोणत्याही एका कुटुंबाला काही सांगता येत नाही.

सरासरीचा विषय निघाला म्हणून शोधनमर्यादेबद्दल दोन शब्द. कोऱ्या नमुन्यांच्या वाचनांत जी चलबिचल असते तिच्या प्रमाणविचलनाची साधारण तिप्पट, ती शोधनमर्यादा. तिच्याखालचा धातू यंत्राला दिसत नाही. अशा ठिकाणी तक्त्यात शून्य लिहिणे सर्वथा गैर होय. ‘२ हून कमी’ असे लिहावे. ज्या प्रयोगशाळेची मर्यादा ५ आहे तिचे ‘आढळले नाही’ आणि जिची मर्यादा ०.१ आहे तिचे ‘आढळले नाही’ ही दोन निराळी विधाने आहेत. निम्म्याहून अधिक नमुने मर्यादेखाली असताना शून्ये धरून काढलेली सरासरी तर अर्थशून्यच असते.

आकडा खरा मिळाला असे समजू. त्यावरून धोका कसा ठरवावयाचा? पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे आणि ५० किलोग्रॅम वजनाचा शेतकरी दिवसाला तीन लिटर पाणी पितो, असे धरले तर त्याच्या देहात दर किलोग्रॅम वजनामागे रोज ६ मायक्रोग्रॅम आर्सेनिक जाते. या मात्रेला निर्धोक मानलेल्या संदर्भमात्रेने भागले की धोक्याचा गुणांक मिळतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची संदर्भमात्रा दीर्घकाळ ०.३ मायक्रोग्रॅम होती; ती तैवानमधील त्वचारोगाच्या पाहणीवर आधारलेली होती. तिच्याप्रमाणे हा गुणांक २० येतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याच संस्थेने हृदयविकार व मधुमेह यांचा नवा पुरावा विचारात घेऊन ती मात्रा ०.०६ वर आणली. आता तोच गुणांक १०० येतो. पाणी तेच, माणूस तोच. जुन्या संदर्भमात्रेवर बेतलेले कित्येक निबंध आपल्या ग्रंथालयात आहेत. त्यांतील गुणांक आज उद्‌धृत करताना हे ध्यानात ठेवावे. शिवाय या हिशेबात भाताचा समावेश नाही. त्याच पाण्यात शिजलेला भात दोन वेळ खाणाऱ्याची मात्रा याहून अधिकच असणार.

मर्यादांचा इतिहासही असाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ मध्ये आर्सेनिकासाठी लिटरमागे २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, १९६३ मध्ये ती ५० केली, १९९३ मध्ये १०. हा शेवटचा आकडा संघटनेने तात्पुरता म्हणून दिला आहे, आणि त्याचे कारण मननीय आहे. १० च्या खाली धोका संपतो म्हणून तो निवडलेला नसून, त्याखाली मोजणे व शुद्धीकरण करणे व्यवहारात कठीण जाते म्हणून निवडलेला आहे. ९ आणि ११ या आकड्यांमध्ये देहाला काही फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो फक्त अहवालाच्या शेवटच्या स्तंभात.

देहातील परिणाम सावकाश होतात. त्रिसंयुजी आर्सेनिक प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना बांधले जाते व वितंचकांचे कार्य बिघडविते. यकृतात त्यावर मिथिल गट चढविले जाऊन बराचसा भाग मूत्रावाटे बाहेर जातो. पण ही प्रक्रियाही सर्वांत सारखी नसते. त्वचेवरील खुणा साधारणतः पाच-दहा वर्षांनी दिसतात, आणि त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचे कर्करोग त्याहून पुष्कळ उशिरा. बांगलादेशातील आडाईहाजार येथे २००० पासून ११,७४६ प्रौढांचा जो मागोवा घेतला गेला त्यावरून २०१० मध्ये असे अनुमान प्रसिद्ध झाले की, त्या समुदायातील सर्व मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के मृत्यू १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिकाच्या पाण्याशी निगडित होते. चिलीतील आंतोफागास्ता शहराचे उदाहरण भूजलाचे नसून नदीच्या पाण्याचे आहे, परंतु काळाचा हिशेब त्यावरून जितका स्वच्छ कळतो तितका दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. १९५८ मध्ये तेथे नवा पाणीपुरवठा सुरू झाला व आर्सेनिक लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅमवर गेले. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र उभे राहिले व ते झपाट्याने उतरले. पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंनी शिखर गाठले ते १९९२-९४ मध्ये, तुलनेच्या प्रांताहून साडेतीन पटींनी. त्या वेळी शहराचे पाणी तपासणाऱ्याला जुन्या आर्सेनिकाचा मागमूसही लागला नसता.

आता बांगलादेशातील हिरव्या पंपांकडे पुन्हा पाहू. तेथील कित्येक विहिरींत आर्सेनिक थोडे व मँगॅनीज पुष्कळ असते. कारण क्षपणाच्या क्रमात मँगॅनीजचे ऑक्साइड लोहाच्या आधी विरघळतात. पंप रंगविणाऱ्या पेटीत मँगॅनीजची परीक्षा नव्हती. आडाईहाजारमधील दहा वर्षांच्या १४२ मुलांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या विहिरींत आर्सेनिक सरासरी केवळ ३ मायक्रोग्रॅम होते आणि मँगॅनीज सरासरी ७९३. मँगॅनीज जितके अधिक, तितके मुलांचे बौद्धिक चाचण्यांतील गुण कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने मँगॅनीजचा ४०० मायक्रोग्रॅमचा आरोग्याधिष्ठित आकडा, इतके मँगॅनीज पिण्याच्या पाण्यात सहसा आढळत नाही या कारणास्तव, २०११ मध्ये गाळून टाकला होता. २०२२ मध्ये तिने नवी तात्पुरती मर्यादा घातली, ती ८० मायक्रोग्रॅमची.